वर करवत, खाली चहा!

ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची! एवढ्या एका पराक्रमावर दंतकथेतला कालिदास मूर्खशिरोमणी ठरला. आज ब्रिटनमध्ये असता, तर त्याच्या व्हॅनवर मोबाइल नंबर रंगवलेला असता. तिथं झाडावर चढून फांद्या उतरवणाऱ्या मंडळींना 'ट्री सर्जन' म्हणतात. कमरेला हार्नेस, डोक्याला हेल्मेट, हातात चेनसॉ आणि तोंडात अशी भाषा, की फुटपाथवरून जाणाऱ्यानं थबकावं. इथं झाड कापतायत, की कुणाचा काटा काढायचं ठरतंय? चला, आपणही झाडाखाली उभं राहून कान टवकारू. हेल्मेट विसरू नका हं!

'विडो-मेकर आहे वर, सांभाळ!'

दचकलात? विडो-मेकर म्हणजे बायकोला विधवा करणारी. मोडून वरच अडकलेली वाळकी फांदी. ती कधी सुटेल, याचं टाइमटेबल कुणाकडेच नसतं. म्हणून दोर टाकण्याआधी सगळे माना वर करून आधी तिलाच शोधतात. नाव ठेवणाऱ्यानं शब्दांवर साखर घोळवली नाही, आणि ते बरंच केलं. असं नाव एकदा ऐकलं की कोण विसरेल?

माहीत आहे का, यांच्याकडे 'बार्बर चेअर' नावाचीही भानगड आहे? पण इथं दाढी होत नाही, थेट मान जाते! कललेलं झाड कापताना चीर पूर्ण व्हायच्या आतच खोड उभं फाटतं आणि मागचा अर्धा भाग उसळून वर येतो. जुन्या सलूनमधली मागे कलणारी खुर्ची आठवा, मग नावाचा उलगडा होईल. कापणारा नेमका कुठे उभा असतो? मागेच.

झाड ज्या दिशेला पाडायचं, त्या बाजूनं खोडात पाचर कापून काढतात. तिला ब्रिटिश गडी म्हणतात 'गॉब', म्हणजे बोलीत तोंड. थोडक्यात, झाडाला आधी तोंड पाडायचं आणि मग तोंडावर पाडायचं! पण खरी गंमत त्या तोंडात नाही, तोंड आणि मागचा काप यांच्यामध्ये मुद्दाम न कापता ठेवलेल्या लाकडाच्या पट्टीत आहे. ती बिजागरी. झाड पडता पडता तिच्यावरच वळतं. बिजागरी कापून टाकली की झाड स्वतःच्या मर्जीचं मालक.

आणखी हवेत? शेंडे छाटून नुसते खुंट उरलेल्या झाडाला 'हॅट रॅक', टोप्या अडकवायचा स्टँड. आतल्या सगळ्या डहाळ्या काढून टोकाला फक्त झुपका ठेवला, तर 'लायन्स टेल', सिंहाची शेपूट. दोन्ही शब्द शिव्या आहेत बरं का. दुसऱ्या कंपनीनं केलेल्या कामाकडे बघत, मान हलवत उच्चारायच्या.

किती तिकिटं आहेत?

नवा गडी कामावर आला की पहिला प्रश्न हा. हा कंडक्टर नव्हे हो! धंद्यातल्या प्रशिक्षणाच्या सर्टिफिकेटना बोलीत 'तिकीट' म्हणतात. वर्षानुवर्षं तोंडात बसलेले नंबर म्हणजे सीएस थर्टी-एट आणि सीएस थर्टी-नाइन. पहिल्यात झाडावर चढणं आणि वर अडकलेल्याला सोडवून आणणं. दुसऱ्यात दोरावर लटकून चेनसॉ चालवणं. क्रम लक्षात आला का? आधी दुसऱ्याला वाचवायला शिका, मग करवत हातात घ्या.

गोव्यात नारळ पाडणारा पाडेली हे वाचून गालात हसेल. त्याची सगळी तिकिटं पायातल्या दोरीत आणि तळव्यांच्या घट्ट्यात. पण माडाला फांदी नसते राव, आणि माडावर चेनसॉ घेऊन कुणी चढत नाही!

चेनसॉचा जन्म कुठला? घट्ट बसा!

जंगलात? चूक. लाकडाच्या वखारीत? चूक! चेनसॉचा पूर्वज जन्मला डॉक्टरांच्या हातात, आणि तोही बाळंतपणासाठी. अठराव्या शतकाच्या शेवटी जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी दातेरी साखळीची छोटी करवत वापरात आणली. अडलेल्या बाळंतिणीच्या कमरेच्या हाडांमधला सांधा मोकळा करायला आणि सडलेलं हाड काढायला. हातानं ओढायची. भूल द्यायची सोय? ती यायला अजून अर्धं शतक होतं. पुढचं नव्या परिच्छेदात वाचलेलं बरं.

तर 'सर्जन' ही पदवी झाडवाल्यांनी उगाच ढापलेली नाही. हत्यारच मुळात सर्जनचं आहे!

माहीत आहे का, जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये बाजारात आणलेल्या विजेच्या चेनसॉचं वजन होतं ४८ किलो? उचलायला दोघं लागायचे. आज झाडावर कमरेला लटकवून न्यायचा चेनसॉ साधारण चार किलोचा. आणि श्टीलशी जन्माची स्पर्धा असलेली स्वीडनची हुस्कवार्ना? तिचा कारखाना १६८९ मध्ये सुरू झाला तो बंदुका बनवायला. तिचा पहिला चेनसॉ आला १९५९ मध्ये. यातली भारी कोणती, यावर चहाच्या सुट्टीत इतक्या फांद्या फुटतात, की खऱ्या फांद्या तशाच राहतात.

आता माझा लाडका किस्सा. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. करवतीच्या साखळीचे दात सारखे घासून घासून वैतागलेला. १९४६ मध्ये एका ओंडक्यात त्याला एक अळी लाकूड खाताना दिसली. इंग्रजी सी अक्षरासारखे तिचे दोन जबडे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, लाकडाच्या रेषांच्या बाजूनंही आणि त्यांना आडवंही, सपासप! कॉक्सनं त्या जबड्यांची पोलादी नक्कल केली आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आज जगभरच्या साखळ्यांचा दात त्याच घराण्यातला. झाडाचा काळ झाडातच वाढत होता म्हणायचा!

धार आहे का, हे कसं ओळखायचं? हात लावू नका, खाली बघा. जाडसर कीस उडतोय तर साखळी धारदार. पिठासारखा भुगा पडतोय तर बोथट. 'पीठ गिरणीत मिळतं, इथं कीस पाहिजे,' असं आपल्याकडचा मिस्त्री म्हणाला असता.

आणि ही पँट बघितलीत? बाहेरून साधी दिसते, आत लांबलचक तंतूंचे थर. साखळी मांडीला लागली की कापड फाटतं, तंतू ओढले जातात आणि चेनसॉच्या चाकात गुरफटून मशीन जाम होतं. क्षणार्धात! यातली सर्वसाधारण वापरातली श्रेणी सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेली असते. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. पँटच्या दोन मुख्य तऱ्हा: टाइप ए फक्त पुढून वाचवते, टाइप सी पुढून-मागून सगळीकडून. उन्हाळ्यात सी घालून झाडावर जाणाऱ्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की सी म्हणजे सॉना.

'ढील दे, ढील!'

संक्रांतीला गच्चीवर ऐकू येतं, तेच इथं झाडावरून. फक्त दोराच्या टोकाला पतंग नसून दोनशे किलोची फांदी असते. वरच्याला 'क्लाइंबर' म्हणतात, खालच्याला 'ग्राउंडी'. क्लाइंबर फांदीला दोर बांधून कापतो, ग्राउंडी तो दोर खोडाला बांधलेल्या लोखंडी दांड्यावर वेढे घेऊन सोडत राहतो. एकदम थांबवला तर हिसका बसून वरचा माणूसच गदागदा हलतो. म्हणून 'होल्ड' आणि 'लेट इट रन' यातला फरक ग्राउंडीला झोपेतही कळला पाहिजे.

क्लाइंबरच्या मते ग्राउंडी दिवसभर चहा पितो. ग्राउंडीच्या मते क्लाइंबर दिवसभर लटकून व्ह्यू बघतो आणि खालचा ढीग मीच उचलतो. डहाळ्यांच्या त्या ढिगाला म्हणतात 'ब्रॅश', आणि तो ज्या मशीनच्या जबड्यात जातो ते 'चिपर'. माझं मत विचाराल तर ग्राउंडी ग्रेट. वरचा दोर कुठे अडकलाय, खाली कोण कुत्रा फिरवतोय, पुढची करवत कधी पाठवायची, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात. आणि वर चहाही तोच करतो.

कापण्याआधी वरून हाक येते, 'स्टँड क्लिअर!' खालून उत्तर गेलंच पाहिजे, 'ऑल क्लिअर!' अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत ही हाक आणि हे उत्तर लिहूनच ठेवलंय. उत्तर आलं नाही तर करवत चालणार नाही. आता हेल्मेटमध्येच ब्लूटूथ आलंय, त्यामुळे ओरडून घसा बसत नाही. तोटा एकच. क्लाइंबर वर बसून जे काही पुटपुटतो, गुणगुणतो आणि ज्या शिव्या हासडतो, ते सगळं ग्राउंडीच्या कानात लाइव्ह!

हातकरवतीचा विषय निघाला की अख्खी टोळी एका सुरात म्हणते, 'सिल्की!' हा जपानी ब्रँड. जपानी करवत ढकलताना नाही, ओढताना कापते. दोरावर लटकलेल्या माणसाला ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं, म्हणून प्रेम. या प्रेमाच्या खुणा बऱ्याच जणांच्या डाव्या हातावर दिसतात.

जीव ज्या गाठीवर टांगलेला, ती कुणाची? कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाची. त्यानं १९३१ मध्ये ती जगापुढे मांडली. भार पडला की आवळते, सैल केली की सरकते. झाडवाल्यांनी तिची पोरंबाळं, नातवंडं, पतवंडं वाढवली. कोणती गाठ उत्तम, यावरही चहा संपतो.

झाडांना सिमेंट भरायचे, खरंच!

ट्री सर्जरीचा बाप म्हणून ज्याचं नाव घेतात तो जॉन डेव्ही १८४६ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये जन्मला. विशीपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग तो अमेरिकेत गेला, ओहायोतल्या केंट गावी झाडांची कंपनी काढली आणि १९०१ मध्ये चक्क 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक लिहिलं. त्या जमान्यात झाडाची ढोली दिसली की कुजका भाग खरवडायचा आणि सिमेंट भरायचं. आजचे सर्जन अशा जुन्या झाडाला चेनसॉ लावतात आणि साखळीतून ठिणग्या उडतात. 'आजोबांनी दाढ भरलीय!'

हे सगळं मोडीत काढलं अॅलेक्स शायगो यांनी. अमेरिकेच्या वनखात्यातल्या या शास्त्रज्ञानं चेनसॉनं हजारो झाडं उभी चिरून आत डोकावलं. निष्कर्ष भन्नाट: झाडाची जखम आपल्यासारखी भरून येतच नाही! झाड कुजक्या भागाभोवती भिंती उभारतं, त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत पुढे जातं. म्हणून जखमेला डांबर फासणं बंद. फांदी खोडाला अगदी चिकटून कापणंही बंद, बुडाशी असलेला फुगीर गळपट्टा राखून कापायची. आजही कुणी डांबराचा डबा काढला, तर जुने सर्जन त्याच्याकडे हॅट रॅकवाल्या नजरेनं बघतात.

क्विझ टाइम! झाडावर पाच फुटांवर बदाम कोरला. झाड आणखी पन्नास फूट वाढलं. बदाम कुठे? पाच फुटांवरच! झाड उंच होतं ते शेंड्याकडून, खोड फक्त जाड होतं. ठोकलेला खिळाही तिथंच राहतो आणि हळूहळू लाकडात गडप होतो. मग पन्नास वर्षांनी त्यावर करवत येते आणि साखळीचे दात पडतात. चहाच्या वेळी 'तुझ्या झाडात काय निघालं?' हा हमखास विषय. खिळे, तारा, कुंपणाच्या जाळ्या आणि पहिल्या महायुद्धाच्या रणांगणावरच्या झाडांतून तर तोफगोळ्यांचे तुकडे. पुण्यात तरुण मंडळींनी झाडांतले खिळे उपटायची मोहीम काढली होती. त्यांनी भविष्यातल्या किती साखळ्या वाचवल्या असतील!

वादळ नावाचा डॉक्टर

१९८७ च्या १५ ऑक्टोबरची रात्र ब्रिटनमधल्या जुन्या गड्यांना तारखेनिशी पाठ. त्या वादळात सुमारे दीड कोटी झाडं आडवी झाली. केंट परगण्यातल्या सेव्हनोक्स या गावाचं नावच सात ओकांवरून. क्रिकेटच्या मैदानावर सात ओक लावलेले होते. सकाळी उरला एक. गावानं नाव बदललं नाही, झाडं पुन्हा लावली.

पण खरा चमत्कार लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये. १७९८ मध्ये लावलेला टर्नर्स ओक मरणपंथाला लागला होता. वादळानं तो मुळासकट उचलला आणि पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवला! बाकीची पडझड आवरण्यात सगळे गुंतले, याला तात्पुरता टेकू दिला आणि विसरले. काही वर्षांनी बघतात तर काय, ओक टवटवीत! कारण? लाखो पायांनी तुडवून मुळांभोवतीची माती सिमेंटसारखी घट्ट झाली होती. वादळानं ती हलवून मोकळी केली. आता क्यूमध्ये हवेच्या दाबानं माती भुसभुशीत करायचा उपचार जुन्या झाडांना मुद्दाम देतात. वादळाला कन्सल्टेशन फी मात्र कुणी दिली नाही.

रोगांच्या गप्पा निघाल्या की आवाज जरा खाली येतो. डच एल्म डिसीज या बुरशीच्या रोगानं ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून जास्त एल्म गेले. बिचाऱ्या डचांचा यात दोष नाही! १९२० च्या दशकात डच शास्त्रज्ञांनी, त्यातही अनेक स्त्रियांनी, रोग शोधून काढला, म्हणून नाव त्यांच्या माथी. २०१२ पासून अॅशच्या झाडांवर दुसरी बुरशी आलीय. मेलेलं अॅश इतकं ठिसूळ, की त्यावर चढायला क्लाइंबर साफ नकार देतात आणि यंत्राची पाळणागाडी मागवतात.

जगातल्या सर्वांत मोठ्या जीवांतला एक कोण? देवमासा नाही, हत्ती नाही. ओरेगनच्या जंगलातली एक हनी फंगस! जमिनीखाली सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर पसरलेली, आणि कामधंदा एकच, झाडांची मुळं खाणं.

कायद्याची झाडाझडती

इंग्लंडमध्ये शेजाऱ्याची फांदी तुमच्या हद्दीत आली तर हद्दीपर्यंत छाटायचा हक्क तुमचा. पण फांदी? त्याची! सफरचंदं? तीही त्याचीच! १९१९ मध्ये एका गृहस्थानं हद्दीत लोंबणारी सफरचंदं तोडून विकली आणि कोर्टात हरला. तेव्हा आपल्या अंगणात आलेला शेजारचा आंबा... जाऊ दे, महाराष्ट्रात हा विषय काढू नये.

झाडावर 'टीपीओ', म्हणजे संरक्षणाचा हुकूम असेल तर परवानगीशिवाय फांदीही कापता येत नाही. नाहीतर दंड, आणि झाडच मारलं तर त्याला वरची मर्यादाच नाही. नांदतं घरटं असेल तर थांबा. ढोलीत वटवाघळांचं बिऱ्हाड असेल तर ती घरी नसतानाही थांबा! आपला कायदाही काही कमी नाही. महाराष्ट्राच्या शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नाशी गाठलेलं झाड थेट 'हेरिटेज' झालं. ते कापलंच, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. एक साठ वर्षांचा वड म्हणजे साठ खड्डे!

पण सगळ्यात धमाल लेलँडी या कुंपणाच्या झाडाची. वेल्समध्ये १८८८ च्या सुमारास दोन अमेरिकन झाडांचा आपोआप संकर झाला आणि हे अपत्य जन्मलं. वर्षाला जवळपास मीटरभर वाढतं. शेजाऱ्याचं ऊन गेलं, तोंड बघणं बंद झालं, वकील आले. शेवटी २००३ मध्ये उंच कुंपणांविरुद्ध कायदा झाला. तो कुठल्या कायद्यात घुसवला, माहीत आहे का? समाजविघातक वर्तनाच्या! दोन मीटरच्या वरचं सदाहरित कुंपण थेट मवाल्यांच्या पंगतीला. ट्री सर्जन लेलँडीला शिव्या घालतात, पण हळू आवाजात. त्यांच्या व्हॅनचे हप्ते तीच भरते.

उत्तर इंग्लंडमधल्या सिकॅमोर गॅप या खिंडीतलं जगप्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये कायदा धाब्यावर बसवून रातोरात कापलं गेलं, तेव्हा अख्खा ब्रिटन रडला. झाडवाले मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होते, थांबा, खुंट फुटेल. २०२४ मध्ये खुंटाला कोंब आले! झाड ४९ फूट उंच होतं, म्हणून त्याची ४९ रोपं देशभर वाटायचं ठरलं.

वर्ल्ड कप? आहे की!

झाडावर चढायची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९७६ पासून होते. नेम धरून दोर फेकणं, वेगानं चढणं, जखमी बाहुल्याला वरून सुखरूप उतरवणं आणि 'वर्क क्लाइंब'. यात फांद्यांवर घंटा टांगलेल्या असतात. दोरावरून हिंडत, करवतीनं एकेक घंटा वाजवत, शेवटी जमिनीवरच्या वर्तुळात अचूक उतरायचं. जोरजोरात 'स्टँड क्लिअर' ओरडायला विसरलात तर गुण गेले.

आणि जगातलं सर्वांत उंच झाड कसं मोजलं? लेझरनं? तेवढ्यावर भागलं नाही! कॅलिफोर्नियातला हायपेरियन हा रेडवुड २००६ मध्ये सापडला. शास्त्रज्ञ शेंड्यापर्यंत चढले आणि तिथून सरळ टेप खाली सोडली. ११५.५५ मीटर! अशा रेडवुडांच्या माथ्यावर माती साचते, नेचे उगवतात, सॅलमँडर नांदतात. आपल्या वन बीएचकेपेक्षा प्रशस्त. पण भेटायला जाऊ नका. बघ्यांनी मुळं तुडवली म्हणून तिथं आता बंदी आहे, आणि दंड ५००० डॉलरपर्यंत.

जाता जाता, गिऱ्हाइकांचे टॉप डायलॉग. प्रत्येक ट्री सर्जनला पाठ. 'वरून थोडंसंच काढा.' 'आमचे हे स्वतःच करणार होते, शिडी सापडली नाही.' 'लाकडं फुकट न्या, म्हणजे पैसे कमी होतील ना?' ओल्या लाकडाची छोटी पोती २०२१ पासून इंग्लंडमध्ये सरपण म्हणून विकता येत नाहीत, ओलावा २० टक्क्यांच्या आत लागतो. म्हणजे ती लाकडं फोडायची, रचायची, वर्ष-दोन वर्षं वाळवायची, आणि तरी म्हणे फुकट! पण नंबर वन डायलॉग येतो तो क्लाइंबर साठ फुटांवर एका दोरावर लटकलेला असताना, घरातून बाहेर येऊन, हातात मग घेऊन: 'वर आहातच, तर आमच्या पन्हळीतली पानंही काढता का?'